रूळ उखडले, गँगमन कुठे गेला?

वापरात नसलेल्या रेल्वेमार्गावर पायवाट करावी, सायकल ट्रॅक करावा, दोन्ही बाजूंना झाडं लावावीत, मधे मधे बाकडी ठेवावीत, ही कल्पना आता आपल्याकडच्या शहरी मध्यमवर्गाच्या गप्पांमध्ये चांगलीच रुळली आहे. न्यूयॉर्कच्या हाय लाइनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि खाली कुणीतरी हमखास विचारतं, आपल्याकडे असं का होत नाही? चालायला, सायकल चालवायला कुणाचाच विरोध असायचं कारण नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला मोकळं दहा पावलं चालता येईल अशी जागा मिळणं हीच चैन आहे. पण 'आपल्याकडे असं का होत नाही' हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्याकडे असं झालेलं आहे. बोरघाटात जुन्या रेल्वेमार्गाच्या खुणांवरून ट्रेकर चालतात. कुर्ल्यात एका उखडलेल्या रेल्वेचा रस्ता झाला. आणि मुलुंडपासून धारावीपर्यंत, रुळांवर नाही पण जलवाहिनीच्या कडेने, सायकल ट्रॅकचा मोठा घाट घातला गेला. प्रश्न विचारायचाच असेल तर असा विचारावा: वाट फिरण्याची होण्याआधी तिच्यावर कोण चालत होतं, आणि ती फिरण्याची झाल्यावर ते लोक कुठे गेले?

मित्रहो, या प्रश्नाचं उत्तर शोधायला कल्याणपासून सुरुवात करणं सोयीचं आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. १ मे १८५४ ला हाच मार्ग कल्याणपर्यंत आला, ते मात्र कल्याणकरांनाही सांगावं लागतं. कल्याणला दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याकडे थळघाटाच्या पायथ्याशी, दुसरा कर्जतकडे बोरघाटाच्या पायथ्याशी. सह्याद्री दोन ठिकाणी चढायचा होता म्हणून कल्याण जंक्शन झालं. रेल्वे वसाहती झाल्या, कामगार आले, त्यांच्या मागे त्यांचे भाऊबंद आले. आज या भागात जितकी बुद्धविहारं दिसतात त्यांच्यातल्या कितीतरींच्या मुळाशी रेल्वेची नोकरी आहे.

१८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट शिल्लक होता. तो पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, प्रवासी खोपोलीला उतरायचे आणि पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचे. आधुनिकतेचं प्रतीक म्हणून ज्या रेल्वेचं कौतुक केलं जातं तिच्या दोन तुकड्यांच्या मधे पालखी होती. आणि पालखी म्हटली की खांदा आला. हा खांदा कुणाचा होता हे त्या प्रवासवर्णनांत सहसा येत नाही.

बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, २५ बोगदे, ८ मोठे पूल, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतकी चढण. डोंगर इतका उभा की गाडीला सरळ वळण घ्यायला जागाच नाही. म्हणून खंडाळ्याच्या खाली एक रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी तिथे एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. एखादा माणूस नागमोडी पायवाटेने डोंगर चढतो तसंच. ६६ वर्षं हे चाललं. १९२९ मध्ये नवी आखणी झाली, नवे बोगदे झाले आणि रिव्हर्सिंग स्टेशन सोडून देण्यात आलं. अमृतांजन पुलाच्या परिसरात (तो पूलही २०२० च्या लॉकडाउनमध्ये पाडला गेला) त्या जुन्या मार्गाच्या खुणा आहेत. पावसाळ्यात तिथे शनिवार-रविवारी लोक येतात, धबधब्याबरोबर फोटो काढतात. आपल्या भागातली 'माजी रेल्वेवाट' म्हणायची तर हीच.

या वाटेखाली काय आहे ते आता पाहू. १८६१ च्या सुमाराला बोरघाटावर एका वेळी ४२,००० माणसं काम करत होती. त्या काळच्या कितीतरी शहरांची लोकसंख्या तेवढी नव्हती. त्यात बायका होत्या, मुलं होती. पुरुषाने खोदायचं, बाईने पाटी उचलायची, पोराने मधे धावायचं अशी कुटुंबंच्या कुटुंबं कामावर होती. कड्याला पाय टेकवायला जागा नसायची तिथे माणसांना दोराने खाली सोडून सुरुंगाची भोकं पाडली गेली. पाऊस सुरू झाला की काम बंद, मजुरी बंद. पाऊस संपला की पुन्हा गावोगावून माणसं गोळा करायची. कॉलरा आणि हिवताप तळांवर कायमचा मुक्कामाला होता. रेल्वे इतिहासकार इयन कर यांनी या मजुरांवर बारकाईने लिहिलं आहे. त्यांच्या लेखनातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: बोगद्यांची लांबी यार्डात मोजली गेली, मेलेल्या माणसांची मोजणी मात्र धड कुणी केली नाही.

हे लोक कोण होते? कागदपत्रांत त्यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, 'कुली'. आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात शिकतो की नाव देणं ही सत्ता असते. 'कुली' या शब्दाने काय केलं? दगड फोडण्याचं पिढीजात काम करणारे वडार, सह्याद्रीच्या कुशीतले ठाकूर-कातकरी, देशावरच्या कोरडवाहू गावांतून आलेले महार, मांग, कुणबी, सगळ्यांना एका शब्दात कोंबलं. एका अर्थाने जात पुसली असं कुणी म्हणेल. पण ती पुसली नव्हती, फक्त साहेबाच्या वहीत लिहिली जात नव्हती. तळावर पाणी कोण कुठून भरतो, कुणाची झोपडी कुठे, मुकादम कुणाचा, हे सगळं गावातून तसंच्या तसं घाटात आलं असणार. गाव सोडलं म्हणून गावगाडा सुटत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

महारांबद्दल एक मुद्दा जास्त सांगण्यासारखा आहे. गावगाड्यात महाराकडे वतनाची कामं होती, पण सुतार-लोहारासारखा हातात धरून ठेवावा असा धंदा नव्हता. त्यामुळे जिथे इंग्रजांनी जात न विचारता अंगमेहनतीचं काम उघडलं, तिथे महार पोहोचला: लष्कर, गोदी, गिरणी, दारूगोळ्याचे कारखाने आणि रेल्वे. आपल्या चळवळीचा पहिला पैसा, पहिली वर्गणी, पहिली पोस्टकार्डं याच रोख पगारातून आली. त्यामुळे रेल्वेला नुसत्या शिव्या घालून आपलं भागत नाही. रेल्वेने आपल्याला गावाबाहेर काढलं, हे मान्य केलंच पाहिजे. प्रश्न आहे तो बाहेर काढून कुठे उभं केलं याचा.

पण त्याआधी घाटातली एक गोष्ट, जी पर्यटनाच्या पाट्यांवर कधी येत नाही. जानेवारी १८५९ मध्ये बोरघाटावर मजुरांचा उठाव झाला. कारण साधं होतं: मजुरी थकली होती. मुख्य कंत्राटदाराने उपकंत्राटदाराला दिले, त्याने मुकादमाला दिले की नाही कुणास ठाऊक, आणि शेवटच्या माणसाच्या हातात काहीच आलं नाही. आजचा कंत्राटी सफाई कामगार हे वाचून हसेल, इतकं ओळखीचं आहे. मजुरांनी गोऱ्या देखरेख्यांवर हल्ला केला. कंत्राटदार फॅव्हिएल यांनी त्याच वर्षी कंत्राट सोडलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही दिवसांतच आजाराने मेले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट आपल्याकडे घेऊन काम तडीला नेलं. अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्यावर हल्ली बरंच लिहिलं जातं. एका बाईने त्या काळात हे केलं याचं कौतुक असायलाच हवं. पण त्याच डोंगरावर डोक्यावर पाटी घेऊन चढणाऱ्या हजारो बायांपैकी एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.

उठावानंतर सरकारने काय केलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८६० चा नववा कायदा आला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे झटपट निकालात काढण्यासाठी हा कायदा, असं त्याचं वरवरचं रूप. आत एक मेख होती. मजुराने ठरलेलं काम सोडलं तर तो गुन्हा. मालकाने मजुरी बुडवली तर तंटा, मजुराने काम सोडलं तर तुरुंग. आता पुढे १९३८ मध्ये या. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं, त्यात संपाला शिक्षा होती. बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला. कामगाराला त्याच्या मर्जीविरुद्ध राबायला लावणं म्हणजे गुलामी, ही त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन संप केला. बोरघाटातल्या त्या जानेवारीपासून या नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ ८० वर्षं आहेत आणि कायद्याची नजर तीच आहे. हा धागा आपण आपल्या व्याख्यानांत जोडत नाही, तो जोडायला हवा.

आठवण कुणाची राहिली? सीएसएमटीच्या दर्शनी भिंतीवर जी.आय.पी. रेल्वेच्या संचालकांचे चेहरे कोरलेले आहेत. त्यात जगन्नाथ शंकरशेट आहेत, जमशेटजी जीजीभाई आहेत. भांडवल घालणाऱ्याचा चेहरा दगडात कोरला गेला, दगड फोडणाऱ्याचा नाही. घाटात मात्र एक वेगळी आठवण आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. दंतकथा अशी की घाटातून वाट कुठून काढावी हे साहेबाला सापडेना, तेव्हा एका धनगराने ती दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली. इतिहास म्हणून याला पुरावा मागू नये, ही लोककथा आहे. पण लोककथा काय सांगते ते बघा. वाट गोऱ्या इंजिनिअरची नाही, मेंढरांमागे चालणाऱ्याची आहे, आणि वाट घेऊन त्याला मारलं गेलं. बहुजनांनी आपला इतिहास लिहू दिला गेला नाही म्हणून तो देव करून ठेवला. आज ट्रकवाला तिथे नाणं टाकून पुढे जातो. त्या ४२,००० जणांच्या वाट्याला मात्र असं देऊळसुद्धा आलं नाही.

मार्ग बांधून झाला की मजूर पांगले. पण रेल्वे बांधून संपत नाही, ती रोज सांभाळावी लागते, आणि इथे गँगमन येतो. ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी नव्हती त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठरावीक अंतराच्या मार्गाला एक गँग. तिचा मुकादम. हातात पहार, घण, फावडं आणि खडी ठोकून बसवायचं बीटर. रूळ सरकला तर पहारीने सरळ करायचा, खडी निसटली तर स्लीपरखाली ठोकून भरायची, पाणी तुंबलं तर चर काढायचा. गँगमधला एक जण कीमन. तो रोज आपल्या बीटवरून पायी जातो, एकेक चावी, एकेक फिशप्लेट बघतो, सैल असेल तर हातोड्याने ठोकतो. पावसाळ्यात रात्रीची गस्त वेगळी, कंदील, झेंड्या आणि रुळावर ठेवायचे फटाके घेऊन. घाटात दरड कुठून येईल याचा नेम नाही. रुळांच्या कडेने चालणं हा ज्याचा धंदा होता असा माणूस म्हणजे हा. 'वॉकिंग ट्रेल' हा शब्द आपल्याकडे यायच्या शंभर वर्षं आधीपासून तो चालतो आहे.

माझे आजोबा गँगमध्ये होते. सपाट रस्त्यावरही ते एका मापाचं आखूड पाऊल टाकायचे, कारण आयुष्यभर स्लीपरवरून स्लीपरवर चालले. आजी म्हणायची, यांना बाजारात पाठवलं तरी हे रूळ मोजत जातात. निवृत्तीनंतरही पाऊस जोरात लागला की ते रात्री उठून बसायचे. आमच्या घरात शिक्षण आलं ते या पगारावर, हे मी विसरत नाही. पण ते गँगमन म्हणून लागले आणि गँगमन म्हणूनच निवृत्त झाले, हेही विसरत नाही.

हे एका माणसाचं नशीब नव्हतं, ती व्यवस्था होती, आणि तिचं विश्लेषण बाबासाहेबांनी केलेलं आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं म्हणणं याच परिषदेतलं. ते आपण भिंतींवर लिहितो, भाषणांत घेतो. पण त्या भाषणातला पुढचा भाग, जिथे ते रेल्वेच्या नोकऱ्यांचं एकेक खातं उलगडतात, तो फारसा कुणी वाचत नाही. ते सांगतात की रेल्वेत अस्पृश्य कामगार बहुतांशी गँगमन आहे, आणि गँगमन म्हणूनच तो मरतो, वर जायला वाटच नाही. स्टेशनवरचा पोर्टर म्हणूनसुद्धा त्याला घेत नाहीत. का? कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामं करावी लागतात. मास्तर सवर्ण हिंदू, त्याच्या घरात अस्पृश्य कसा चालेल? कारकून म्हणून इतरांची मॅट्रिक न झालेली मुलं लागतात, अस्पृश्यांची लागत नाहीत. वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक नाही, फोरमन तर नाहीच, तो तिथेही हमाल.

एका पोर्टरच्या नोकरीवरून बाबासाहेब अख्खी व्यवस्था उघडी करतात. नोकरी सरकारी-कंपनीची, पण भरतीचा निकष मास्तरच्या स्वयंपाकघरातला. जातिव्यवस्था म्हणजे श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे त्यांनी दोन वर्षं आधी मांडलं होतं. मनमाडला त्यांनी ते रुळांवर उभं करून दाखवलं. आणि नुसतं दाखवून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे साडेतीन-चार नव्हे तर पूर्ण बारावा हिस्सा राखीव झाला. माझ्या वडिलांच्या पिढीतले जे तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसले ते या रस्त्याने.

तर जेव्हा कुणी 'हेरिटेज रेल ट्रेल' म्हणतं, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, हेरिटेज कुणाचं? इंजिनचं, कमानीचं, घडीव दगडाचं? की पहारीचंही?

कुर्ल्याचं उदाहरण घ्या. कुर्ला-कलिना भागातून सीएसटी रोड जातो. आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून नाव पडलं. तसं नाही. ते सेंट्रल सालसेट ट्रामवेचं लघुरूप आहे. १९२८ मध्ये ट्रॉम्बे ते अंधेरी असा सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला, १९३४ मध्ये बंद पडला, रूळ गेले आणि वाट रस्त्याच्या नावात उरली. तीही चुकीची ओळखली जाते. रेल्वे अख्खी गडप झाली तर तिची ही गत, मग ती टाकणाऱ्यांची काय कथा? त्याच पट्ट्यातली आणखी एक रेल्वे सांगतो. कुर्ला-चेंबूर मार्ग १९०६ मध्ये सुरू झाला तो माणसांसाठी नाही, मुंबईचा कचरा देवनारकडे नेण्यासाठी. माणसांच्या गाड्या १९२४ मध्ये आल्या. शहराला जे नको ते चेंबूर-देवनारकडे पाठवायचं, ही सवय तेव्हाची. पुढची गोष्ट समजायला ही सवय ध्यानात ठेवा.

तानसा धरण शहापूर तालुक्यात, आपल्या ठाणे जिल्ह्यात. १८९२ पासून त्याचं पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला जातं. शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्यांच्या तालुक्यातलं पाणी शंभर किलोमीटर दूर जातं. ज्यांना चवदार तळ्याचा इतिहास माहीत आहे त्यांना यावर अधिक सांगायला नको. मुंबई हद्दीत या जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या वस्त्या होत्या. घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, पुढे धारावीपर्यंत. दलित, मुस्लिम, परप्रांतातून आलेले मजूर, शहर ज्यांच्या श्रमावर चालतं पण ज्यांना घर देत नाही असे सगळे. २००९ मध्ये एका जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायला सांगितलं. कारण सुरक्षेचं. मग २०१७ मध्ये महापालिकेने त्याच मोकळ्या होणाऱ्या पट्ट्यावर ३९ किलोमीटरचा सायकल आणि पायी चालण्याचा मार्ग जाहीर केला.

इथे न्याय्य बोलायचं तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. जलवाहिनी फुटली तर शेजारच्या झोपडीतली माणसं मरतात, हे घडलेलं आहे. पाइपावर राहणं कुणाची हौस नव्हती. पुनर्वसन हवंच होतं. महापालिकेचं म्हणणं की ट्रॅक झाला तर पुन्हा अतिक्रमण होणार नाही. पण मग विस्थापितांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर हवं होतं: सुरक्षेसाठी दहा मीटरच्या आत माणूस नको, तर सायकलवरचा माणूस कसा चालतो? राहणारा माणूस धोका आणि फिरणारा माणूस शोभा, हा फरक सुरक्षेने ठरवला की वर्गाने आणि जातीने?

आणि या लोकांना पाठवलं कुठे? माहुलला. चेंबूरच्या पलीकडे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या साठवण टाक्यांच्या सावलीत. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवलं होतं की माहुल-आंबापाडा भागातली हवा तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक आहे. लवादाचा निकाल समोर असताना हजारो कुटुंबं तिथे नेली गेली. १९०६ मध्ये ज्या दिशेला कचरा जात होता त्याच दिशेला आता माणसं गेली. २०१८ च्या अखेरीला या लोकांनी विद्याविहारला, जिथून उठवलं होतं त्याच पाइपलाइनच्या कडेला, बस्तान मांडून महिनोन्‌महिने आंदोलन केलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या. म्हणजे लोक बरोबर होते. पण तोवर कितीतरी घरांत दम्याचं औषध हा महिन्याचा खर्च झाला होता.

आता ज्या हाय लाइनचे फोटो आपण पुढे पाठवतो तिच्याकडे या. मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूची ही उन्नत मालगाडीची रेल्वे १९३४ ची, शेवटची गाडी १९८० ची. ती पाडू नका म्हणून स्थानिकांनी संस्था काढली आणि २००९ मध्ये बगिचा खुला झाला. आजूबाजूच्या जागांचे भाव आभाळाला भिडले. जवळच सरकारी गृहसंकुलं आहेत, तिथे बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक राहतात. बगिच्यात येणारे मात्र बहुतांशी गोरे आणि पर्यटक. २०१७ मध्ये संस्थेचे एक संस्थापक रॉबर्ट हॅमंड यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केलं की शेजारच्या वस्तीसाठी काही करण्यात आपण अपयशी ठरलो. डिझाइन कसं असावं हे आपण लोकांना विचारत बसलो, तुम्हाला काय हवंय हे विचारायला हवं होतं, असा त्यांचा सूर होता. आपले लोक अमेरिकेकडून बाकं उचलतात, दिवे उचलतात. ही कबुली कुणी उचलत नाही.

रुळांवरून चालणं म्हटलं की मला आणखी एक तारीख आठवते. ८ मे २०२०. लॉकडाउनमध्ये जालन्याहून घरी, मध्य प्रदेशात, निघालेले मजूर रुळांवरून चालत होते, कारण रस्त्यावर पोलीस होते. पहाटे करमाडजवळ रुळांवरच झोप लागली आणि मालगाडीखाली १६ जण गेले. बहुतेक आदिवासी. त्याच दिवसांत ठाणे-भिवंडी-कसारा रस्त्याने हजारो माणसं थळघाट पायी चढत होती, ज्या घाटातली रेल्वे १८६५ मध्ये अशाच माणसांनी बांधली. गाड्या उभ्या होत्या आणि बांधणाऱ्यांचे वारस चालत होते.

म्हणून आमची भूमिका 'ट्रेल नको' अशी नाही. ट्रेल करा. पण आधी त्या पट्ट्यात राहणाऱ्यांचं त्याच परिसरात पुनर्वसन करा, आणि ते कागदावर नको, किल्ली हातात देऊन. मग ट्रॅकचं टेंडर काढा. बोरघाटातल्या जुन्या मार्गावर माहितीफलक लावणार असाल तर त्यावर फ्रियर आणि ट्रेडवेल यांच्या शेजारी १८५९ चा उठाव लिहा, १८६० चा कायदा लिहा, ४२,००० हा आकडा लिहा. मनमाडच्या भाषणातला पोर्टरचा परिच्छेद कल्याण स्टेशनच्या भिंतीवर मराठीत लावा. रेल्वेच्या संग्रहालयांत इंजिनं पुष्कळ आहेत, एक कीमनचा हातोडा आणि एक बीटरही ठेवा.

आणि सरकार करेल तेव्हा करेल, आपल्या हातात जे आहे ते आपण करू शकतो. कल्याण, कोळसेवाडी, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, कर्जत, कसारा, या सगळ्या पट्ट्यात निवृत्त गँगमन, कीमन, गेटमन अजून आहेत. त्यांतले कितीतरी ऐंशीच्या पुढे आहेत. येत्या १२ फेब्रुवारीला, मनमाड परिषदेच्या दिवशी, आपापल्या विहारात त्यांना बोलवा आणि मोबाइलवर का होईना, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत त्यांची बीट होती, गँगमध्ये कोणकोणत्या समाजाचे लोक होते, पाणी कुठून यायचं, मुकादम कोण व्हायचा, कोण मेलं आणि कुठे, हे नावानिशी विचारा. घरात जुनी पगाराची चिठ्ठी, पास, बिल्ला, गँग क्वार्टरचा फोटो, युनियनची पावती सापडली तर रद्दीत घालू नका. आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, मागे तारीख आणि नाव लिहा.